चौथ्या नावासमोरची फुली

मी जीवशास्त्राच्या एका संशोधनपत्रिकेच्या संपादकीय कार्यालयात काम करते. हे प्रकरण मिटून बरेच महिने झाले, फाइल बंद झाली, तरी ते डोक्यातून जात नाही. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. निबंधावर पाच लेखक होते. त्यांतल्या चौथ्या लेखकाला मी इथे ‘चौथी व्यक्ती’ म्हणणार आहे. व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून पुढे ‘ती’ येईल. त्यावरून स्त्री की पुरुष असा अंदाज कोणी बांधू नये.

निबंध वाचायचा, समीक्षकांकडे पाठवायचा, छापायचा, एवढंच आमचं काम असतं असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग खात्री करण्यात जातो. साम्य शोधणारं सॉफ्टवेअर एखाद्या निबंधात २८ टक्के साम्य दाखवतं आणि निबंध स्वच्छ असतो, कारण प्रयोगाची पद्धत सगळे जवळपास त्याच शब्दांत लिहितात. दुसऱ्यात ७ टक्केच दिसतं आणि ते सगळं कुणाच्या तरी निष्कर्षांतून उचललेलं असतं. आकडा पाहून निर्णय घेणारे संपादक मी पाहिले आहेत. त्यांच्या हातून दोन्ही प्रकारचे अन्याय होतात. लेखकांनी सुचवलेल्या समीक्षकाचा ईमेल पत्ता खरंच त्याच माणसाचा आहे का, हेही आम्ही आपले आपण शोधून पाहतो. २०१४ मध्ये कंपनशास्त्राच्या एका पत्रिकेला ६० निबंध एकदम मागे घ्यावे लागले होते. खोट्या नावांची आणि पत्त्यांची टोळीच उभी करून समीक्षा मिळवल्या जात होत्या. तेव्हापासून अनोळखी खासगी पत्त्यावर आमच्याकडून काहीही पाठवायचं नाही, असा नियम आहे.

आणि लेखकांची खात्री. वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा चिकित्सकपणे सुधारण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मंजुरी आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही एकत्र लागतात. म्हणून आम्ही फक्त पत्रव्यवहार पाहणाऱ्या मुख्य लेखकाच्या शब्दावर विसंबत नाही. निबंध आल्यावर एकदा आणि स्वीकारल्यावर एकदा, असं दोनदा प्रत्येक लेखकाला पत्र जातं: तुमचं नाव यावर आहे, तुम्हाला मान्य आहे का? खाली दोन दुवे असतात, ‘मान्य’ आणि ‘अमान्य’. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर मान्य धरतात. हे मला पहिल्यापासून खटकत आलं आहे. प्रयोगशाळेतल्या सगळ्यात कनिष्ठ माणसाचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं धरणंच चूक आहे.

त्या मंगळवारी निबंध स्वीकारून झाला होता, प्रूफ तपासून झालं होतं, गुरुवारी तो ऑनलाइन जायचा होता. सकाळी चौथ्या व्यक्तीचं उत्तर आलं, संस्थेच्या पत्त्यावरून, दोन ओळींचं. “आकृती ४ मधला ‘क’ भाग या प्रयोगाचा नाही. कृपया माझं नाव कुणाला कळू देऊ नका.”

मी पहिला फोन निर्मिती विभागाला केला आणि गुरुवारची तारीख थांबवली. तिथल्या सहकाऱ्याने विचारलं, “दोन ओळींवर?” तो वाईट माणूस नाही, पण त्याच्या कामाचं मोजमाप तारखांवर होतं. ज्याची मोजणी तारखांवर, त्याला प्रत्येक शंका म्हणजे उशीरच दिसते.

मला मात्र त्या दोन ओळी पुरेशा वाटल्या. अशा गोष्टी बहुतेक वेळा आतल्याच माणसाला दिसतात. नेदरलँड्समधले सामाजिक मानसशास्त्रज्ञ डीडरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षं आकडेवारी रचली. त्यांचे निबंध नामांकित पत्रिकांतल्या समीक्षकांनी पास केले होते. २०११ मध्ये ते उघडकीला आणलं त्यांच्याच विभागातल्या तीन तरुण संशोधकांनी. पुढे ५८ निबंध मागे घ्यावे लागले. समीक्षक पाहतो तो शेवटी सजवून मांडलेला निकाल. प्रयोग कुणी केला, कुठल्या दिवशी केला, कुठला फसला, हे शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं.

मग मी आकृती उघडली. ‘क’ भाग म्हणजे वेस्टर्न ब्लॉट होता. पेशींतली प्रथिनं जेलमध्ये वेगवेगळी करायची, मेम्ब्रेनवर, म्हणजे एका पातळ पडद्यावर, उतरवायची आणि हव्या त्या प्रथिनाचे पट्टे उमटवायचे. त्याखाली आणखी एक ओळ असते, तिला लोडिंग कंट्रोल म्हणतात: प्रत्येक रकान्यात माल सारखाच घातला होता याचा पुरावा. फसवणूक करणारा बहुधा याच ओळीत हात घालतो, कारण ती कंटाळवाणी असते आणि समीक्षक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. या निबंधाच्या दोन समीक्षकांपैकी एकाने पूर्ण निबंधावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांत आकृत्यांबद्दल एकही शब्द नव्हता.

आमच्याकडे चित्रं तपासणारं सॉफ्टवेअर आहे. त्याने हा निबंध पास केला होता. कारण साधं आहे: निबंध पहिल्यांदा येतो तेव्हा आकृत्या दाबून लहान केलेल्या असतात, मोठ्या फायली स्वीकारल्यानंतर येतात, आणि तपासणी सुरुवातीलाच होते. हा क्रम उलटा हवा, हे मी दोन बैठकांत सांगितलं होतं.

मोठी फाइल घेऊन मी आधी कॉन्ट्रास्ट टोकाला नेला. असं केलं की पांढरी वाटणारी पार्श्वभूमी करडी होते आणि तिच्यातले कण दिसू लागतात. पट्टे एकमेकांसारखे असू शकतात, पार्श्वभूमीतले कण दोन वेगळ्या प्रयोगांत कधीही सारखे नसतात. मग प्रत्येक भाग दुसऱ्या प्रत्येक भागावर ठेवून पाहत गेले: सरळ, उलटा, आडवा फिरवून, थोडा ताणून. दोन थरांतला फरक तेवढाच दाखवायचा अशी सोय असते; चित्रं तंतोतंत जुळली की सगळं काळं होतं. तीन तास लागले. आकृती ४ मधल्या ‘क’ची खालची ओळ म्हणजे आकृती २ मधल्या ‘ब’ची खालची ओळ होती, आडवी उलटवलेली आणि रुंदीत किंचित ताणलेली. दोन्हींत वरच्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा ओरखडा होता, एकात उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे. थर जुळवला आणि ओरखड्यासकट सगळं काळं झालं. ते पाहताना मला खूप समाधान वाटलं, हे लपवत नाही. २०१६ मध्ये २०,६२१ निबंधांमधल्या अशा आकृत्या माणसाच्या डोळ्यांनी तपासल्या गेल्या होत्या आणि ३.८ टक्के निबंधांत शंकास्पद पुनरावृत्ती सापडली होती. ते काम काय असेल, हे त्या तीन तासांत कळलं.

आमच्या मुख्य संपादक पूर्ण वेळ प्राध्यापक आहेत, हे काम त्या विनामोबदला रात्री करतात, आणि कुठल्याही प्रकरणात प्रक्रियेबाहेर पाऊल टाकत नाहीत. मी त्यांचा आदर करते तो यासाठीच. प्रकाशननीतीसाठीची कोप ही समिती १९९७ मध्ये संपादकांनी सुरू केली. कुठल्या तक्रारीत कुठलं पाऊल आधी टाकायचं याचे तिचे तक्ते आम्ही पाळतो. त्यांनुसार आधी लेखकाला खुलासा मागायचा, समाधान झालं नाही तर संस्थेला कळवायचं. पत्रिकेने स्वतः पोलीस व्हायचं नाही. दोघींनी मिळून पत्र तयार केलं. आकृत्यांतले दोन भाग तंतोतंत जुळतात, मूळ न कापलेले ब्लॉट पाठवावेत, एवढंच त्यात होतं. ओरखड्याचा उल्लेख मुद्दाम टाळला. माहिती कुणी दिली हेही नाही. दोष आकृतीतच दिसत होता, कुणाचं नाव घ्यायची गरजच नव्हती. दुपारी तीनला पत्र गेलं आणि चौथ्या व्यक्तीला सांभाळून घेतलं असं मला वाटलं.

साडेपाचला मुख्य लेखकांचं उत्तर आलं. विद्यार्थ्याच्या हातून आकृती जुळवताना चूक झाली, नवी आकृती सोबत आहे, मूळ फायली असलेली हार्ड डिस्क बिघडली आहे. आणि शेवटी: “चौथ्या लेखकाने नाव मागे घेण्याची इच्छा व्यक्त केली आहे. संमतिपत्र जोडले आहे.” पाचही सह्या होत्या.

त्यांना कसं कळलं? मी निबंधाचं पान त्यांच्या खात्यातून जसं दिसतं तसं उघडून पाहिलं. लेखकांच्या यादीत प्रत्येक नावासमोर एक खूण असते. चार हिरव्या होत्या. चौथ्या नावासमोर लाल फुली होती. तिने ईमेल लिहिण्याआधी किंवा नंतर ‘अमान्य’ हा दुवाही दाबला होता, आणि ती खूण मुख्य लेखकाला दिसते. सकाळपासून दिसत होती. मी तीन तास कण मोजत होते आणि तेवढा वेळ ती फुली तिथे होती. ही खूण कुणाकुणाला दिसते, हे मला माहीत असायला हवं होतं. रोज तीच यादी मी बघते, पण संपादकाच्या बाजूने.

लेखकांची नावं बदलायची तर सगळ्यांची लेखी संमती हवी, असं आमचं धोरण आहे. कनिष्ठांना परस्पर वगळलं जाऊ नये म्हणून ते केलं. त्या संध्याकाळी त्याच धोरणाची पूर्तता करणारा निर्दोष कागद माझ्यासमोर होता, आणि त्याच्याकडे पाहताना मला मळमळत होतं. ज्याच्या हातात शिफारसपत्र आहे, त्याने सही मागितली तर ती मिळतेच.

मी तिला लिहिलं: सही आपण स्वेच्छेने केली का? उत्तर आलं नाही.

मूळ ब्लॉट आले नाहीत, म्हणून निबंध नाकारला आणि संस्थेला कळवलं. संस्थेने सात महिन्यांनी तीन ओळींचं पत्र पाठवलं: आकृती जुळवताना झालेली अनवधानाची चूक, गैरवर्तन आढळलं नाही. चौकशी कुणी केली, काय पाहिलं, याबद्दल काही नाही. अशी पत्रं माझ्याकडे फाइलभर आहेत. संस्थेने स्वतःच्याच माणसाची चौकशी करायची आणि निकाल आम्ही प्रमाण मानायचा, या व्यवस्थेवर माझा विश्वास उरलेला नाही, पण दुसरी व्यवस्था कुणाकडे नाही.

पुढे तो निबंध दुसऱ्या एका पत्रिकेत आला. आकृती ४ नवी, लेखक चार. आभारातही पाचवं नाव नव्हतं. नाकारलेल्या निबंधाबद्दल आम्ही दुसऱ्या संपादकांना आपणहून लिहिणं गोपनीयतेत बसत नाही. मूळ दोष छापील निबंधात राहिला असता तर लिहिता आलं असतं; तो तर आम्हीच दाखवून दुरुस्त करवून घेतला होता.

ती खूण आता फक्त संपादकीय कार्यालयाला दिसते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांना एक ईमेल केला, दुसऱ्या दिवशी सेटिंग बदललं. आकृत्यांची तपासणीही आता मोठ्या फायली आल्यावर पुन्हा होते.

दोन महिन्यांपूर्वी एका खासगी पत्त्यावरून ईमेल आला. सही चौथ्या व्यक्तीच्या नावाची. “संस्थेचं माझं खातं बंद झालं आहे. मी आपल्याला पाठवलेल्या पहिल्या ईमेलची प्रत मिळेल का? मला ती पुढे दाखवावी लागेल.” नियमाप्रमाणे या पत्त्यावर काहीही पाठवता येत नव्हतं. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग एकच प्रश्न विचारला: ‘क’ भाग त्या प्रयोगाचा नाही, हे आपल्याला कशावरून कळलं होतं?

अर्ध्या तासात उत्तर आलं. “आकृती २ चा ब्लॉट माझा आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यात ओरखडा आहे, तो मेम्ब्रेन उचलताना माझ्याच चिमट्याने पडला होता.”

मी प्रत पाठवली आणि पाठवल्याची नोंद कारणासह फाइलमध्ये केली. मुख्य संपादकांनी ती वाचली आहे, अजून काही म्हणालेल्या नाहीत. संमतिपत्रावरच्या सहीबद्दल मी तिला पुन्हा विचारलं नाही.