जॅझ कुठून ऐकायला सुरुवात करू?

‘जॅझ ऐकायचंय, पण सुरुवात कुठून करू?’ असं मला बरेचजण विचारतात. विचारणारे बहुतेक ख्याल-ठुमरीत मुरलेले असतात. मी लुई आर्मस्ट्राँग किंवा माइल्स डेव्हिसचं नाव घेईन अशी त्यांची अपेक्षा असते. मी सांगते, तोशिको अकियोशी ऐका. मग पुढचा प्रश्न ठरलेला: ही कोण? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

तोशिको ही जॅझ पियानोवादक आणि रचनाकार. तिचा जन्म १९२९चा, आज चीनमध्ये असलेल्या मांचुरियातला. घर जपानी, पण बालपण जपानबाहेर गेलं. महायुद्धात जपान हरला आणि होतं नव्हतं ते मागे टाकून हे कुटुंब १९४६ साली जपानमधल्या बेप्पूला आलं. घरात पियानो उरला नव्हता. एका डान्स हॉलवर ‘पियानोवादक हवा’ अशी पाटी दिसली आणि सोळा वर्षांची ही मुलगी तिथे वाजवायला लागली. वडिलांना तिने डॉक्टर व्हावं असं वाटत होतं, ते राहूनच गेलं. पुढे टोकियोत नामवंत जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसनने तिला ऐकलं, त्याच्या शब्दाखातर अमेरिकन निर्माता नॉर्मन ग्रांझने तिची रेकॉर्ड काढली आणि १९५६ मध्ये ती शिष्यवृत्तीवर बोस्टनच्या बर्कली या संगीतशाळेत शिकायला गेली. तिथली ती पहिली जपानी विद्यार्थिनी.

अमेरिकेत बोलबाला झाला, पण किमोनो घालून जॅझ पियानोवादक बड पॉवेलच्या ढंगात वाजवणारी मुलगी म्हणून. तिच्या वादनापेक्षा या नवलाचंच लोकांना अप्रूप होतं, हे तिने स्वतःच नंतर सांगितलंय. मला ती मोठी वाटते ती इथून पुढे. जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनने आपला कृष्णवर्णीय वारसा ताठ मानेने संगीतात आणला होता. तिनेही मग आपलं जपानीपण कपड्यांतून काढून रचनेत घातलं. पती, सॅक्सोफोन आणि बासरीवादक ल्यू टॅबॅकिन याच्यासोबत लॉस एंजेलिसमध्ये तिने १९७३ साली स्वतःचा सोळा जणांचा बिग बँड उभा केला आणि त्यासाठी सगळं स्वतः लिहिलं.

‘कोगुन’ ऐका, १९७४ची. युद्ध संपल्याचं न मानता फिलिपिन्सच्या जंगलात जवळजवळ तीस वर्षं राहिलेला जपानी सैनिक हिरो ओनोदा या रचनेमागे आहे. सुरुवातीलाच नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकारातलं गायन आणि त्सुझुमी ऐकू येतो, डमरूच्या घाटाचा, खांद्यावर धरून वाजवायचा छोटा ढोल. त्याच्या थापा मात्रा मोजत ऐकू नका, फसाल. दोन थापांमध्ये केवढी जागा सोडलीय ते ऐका. मग बँड आत येतो, आणि टॅबॅकिनची बासरी सुरू झाली की उपज, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं वाजवणं, काय असतं हे तुम्हाला कुणी समजावायची गरजच उरत नाही! तिच्या बँडमधले सॅक्सोफोनवालेही बऱ्याचदा बासऱ्या हातात घेत. तो पाच-पाच फुंकवाद्यांचा एकत्र रंग दुसऱ्या कुठल्याच बिग बँडमध्ये मला सापडलेला नाही.

ग्रॅमीसाठी तिला चौदा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. मला याचा अजूनही राग येतो. २००३ साली कार्नेगी हॉलमध्ये शेवटची मैफल करून तिने बँड थांबवला, पुन्हा पियानोवर लक्ष द्यायचं म्हणून.

तर ‘कोगुन’ रुचलं की ‘मिनामाता’कडे वळा. कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे उद्ध्वस्त झालेल्या गावाची ही वीसएक मिनिटांची रचना आहे. सलग ऐका, मध्ये उठू नका.