आमची वाटचाल: नाव, सायकल रिक्षा आणि काशीतील अर्धा दिवस

काशीला येणाऱ्या मराठी यात्रेकरूची यादी घरूनच तयार असते. विश्वेश्वर, अन्नपूर्णा, काळभैरव, गंगास्नान, दशाश्वमेधावरची संध्याकाळची आरती, आणि मग प्रयाग व गया. या यादीत देव सगळे येतात, पण शहर येत नाही. शहर पाहण्यासाठी एक सकाळ मोकळी ठेवावी आणि ती सकाळ घाईत घालवू नये, एवढ्या एकाच विचारावर आमचा व्यवसाय उभा आहे. सूर्योदयाच्या सुमारास अस्सी घाटावरून वल्ह्याची नाव निघते, प्रवाहाबरोबर उत्तरेकडे जाते, शहराच्या दुसऱ्या टोकाला सायकल रिक्षा पाहुण्यांना घेते आणि दुपारी बाराच्या आत त्यांना मुक्कामी पोहोचवते. हा एकच कार्यक्रम आम्ही करतो. मोटारीने सारनाथ, विंध्याचल किंवा अयोध्या दाखवण्याची विचारणा सतत होते. ती कामे करणारे पुष्कळ लोक इथे आहेत आणि आम्ही पाहुण्यांना त्यांच्याकडे पाठवतो.

माझे माहेर नागपूरचे आणि सासर काशीतील ब्रह्मा घाटाच्या वस्तीतले. पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा घाटांच्या मागच्या गल्ल्यांत मराठी घरे पेशवाईपासून आहेत. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर इथे येऊन राहिले, त्यांच्या पाठोपाठ आणखी कुटुंबे आली आणि घाट, वाडे, अन्नछत्रे अशी एक पूर्ण वस्तीच उभी राहिली. त्याच्याही आधी पैठणचे भट्ट घराणे काशीत स्थिरावले होते. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेले गागाभट्ट त्याच घराण्यातले. सासऱ्यांच्या घरी महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू उतरत असत. त्यांचे विधी, जेवण, पुढच्या प्रवासाची तिकिटे ही व्यवस्था घरातूनच होत असे, आणि नावेची चौकशी आली की ती माझ्याकडे येत असे. व्यवसायाची सुरुवात ही अशी, वेगळी पाटी न लावता झाली.

त्या चौकशा हाताळताना जे दिसत होते ते सांगणे आवश्यक आहे. दशाश्वमेधावर नाव ठरवली की ती फेरीच्या हिशोबाने ठरते. मोटार सुरू होते, नाव मणिकर्णिकेपर्यंत जाते, वळते, उलट दिशेला हरिश्चंद्र घाटापर्यंत जाते आणि परत येते. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही आणि घाटांची नावे म्हणून होईपर्यंत नाव काठाला लागलेली असते. घाट अशा रीतीने नुसते मोजून परतणे म्हणजे पंगतीला बसून पानावरचे पदार्थ मोजून उठणे होय. परंतु यात नावाड्याला दोष देणे मला कधीच पटले नाही. ज्याला फेरीमागे पैसे मिळतात तो माणूस फेऱ्या वाढवणारच, कारण पावसाळ्याचे बंद महिने त्याला याच कमाईवर काढायचे असतात. रिक्षावाल्याचेही तेच. सवारी पोहोचवली की पुढची सवारी, मधे थांबला तर नुकसान त्याचे.

म्हणून आम्ही पहिला बदल केला तो पैशांच्या व्यवहारात. नावाडी आणि रिक्षाचालक या दोघांनाही फेरीचे नव्हे, तर अर्ध्या दिवसाचे पैसे ठरवून द्यायचे आणि त्यात थांबण्याचा वेळ पूर्ण धरायचा, असा नियम केला. पाहुणे दोन असोत की सहा, नाव लवकर पोहोचो की उशिरा, रक्कम बदलत नाही, आणि ती त्याच दिवशी हातात मिळते. हा नियम सांगायला सोपा असला तरी बसायला वेळ लागला. अनेक वर्षे फेरीच्या हिशोबाने काम केलेल्या माणसाला थांबण्याचे पैसे मिळतात यावर विश्वास बसत नव्हता, आणि पहिल्या हंगामात आमचे सर्वांत वयस्क नावाडी, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, केदार घाटासमोर नाव थांबवायला सांगितले की दर वेळी मला विचारून घेत असत की हिशोब तोच राहणार ना. आता ते स्वतःहून वल्ही वर घेतात. आमच्या दरातला सर्वांत मोठा भाग या दोघांच्या मजुरीचा आहे, त्यामुळे घाटावर उभे राहून ठरवलेल्या नावेपेक्षा आमचा दर जास्त असतो. तो का जास्त आहे हे आम्ही पाहुण्यांना आधीच सांगतो.

दुसरा बदल नदीने सुचवला. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे आणि घाट तिच्या पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून, चंद्रकोरीसारख्या वळणावर बसले आहेत. अस्सी हे दक्षिणेचे टोक, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाचे. तिथून निघून खाली यायचे आणि परत वर जायचेच नाही, असे ठरवले तर मोटारीची गरज उरत नाही. प्रवाह नाव नेतो आणि वल्ही दिशा देण्यापुरती लागतात. समोरचा पूर्व काठ वस्ती नसलेला, वाळूचा असल्यामुळे सूर्य थेट पाण्यावरून वर येतो आणि सगळे घाट एकाच वेळी उजळतात. नाव हळू असली की हे बदलते ऊन पाहायला सवड मिळते.

नाव उतरवायची कुठे, हा प्रश्न मात्र बराच काळ सुटला नव्हता. पंचगंगा घाट आमच्या घराजवळचा, पण त्याच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, आणि वर चढून गेल्यावरही गल्ल्या इतक्या अरुंद की रिक्षा तिथपर्यंत येत नाही. आमच्या पाहुण्यांत साठी ओलांडलेले बरेच असतात आणि गुडघ्यांची तक्रार जवळजवळ प्रत्येक गटात असते. राजघाटाजवळचा जुना खिडकिया घाट नव्याने बांधला जाऊन नमो घाट झाला, तेव्हा ही अडचण दूर झाली. तिथे पायऱ्यांचा चढ सुसह्य आहे आणि वाहन घाटाजवळ येऊ शकते. शिवाय नाव तिथपर्यंत नेल्यामुळे गाय घाट, त्रिलोचन घाट, प्रल्हाद घाट हा सहसा कुणी न पाहिलेला शांत भागही प्रवासात येतो, आणि शेवटी १८८७ मध्ये बांधून झालेला, वरून रस्ता आणि खालून रेल्वे नेणारा मालवीय पूल समोर उभा राहतो.

नावेत काय सांगायचे आणि किती सांगायचे, यावर आम्ही बराच विचार केला आहे. माझा पुतण्या किंवा मी स्वतः नावेत असतो. अस्सीच्या मागे भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान आहे. त्यांचे वडील मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या पदरी इथे होते. पुढे तुलसी घाट, चेतसिंहाचा किल्ला, हरिश्चंद्र घाट, केदार घाट. राजा घाटाची दगडी बांधणी अमृतराव पेशव्यांची. अहिल्याबाई घाटाशी आम्ही जास्त वेळ थांबतो, कारण आज ज्या विश्वेश्वराचे दर्शन सर्व जण घेतात ते मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधले आणि पंचगंगेवरचा दगडी दीपस्तंभही त्यांचाच. मणिकर्णिका हा स्मशानघाट, त्याच्यासमोर नाव काठापासून दूर ठेवली जाते, बोलणे थांबते आणि छायाचित्रे काढली जात नाहीत. हा नियम नावेत बसण्यापूर्वीच सांगितला जातो आणि त्याला अपवाद नाही. संत एकनाथांनी पैठणला आरंभिलेली भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका १५७३ मध्ये काशीतच पूर्ण झाली, हे मी मणिकर्णिका मागे पडल्यानंतर सांगते. अनेक आज्या तिथे आपणहून हात जोडतात. त्यानंतर शिंदे घाट येतो. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला हा घाट भाराने खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला. त्याच्या पायथ्याशी कललेले रत्नेश्वराचे मंदिर वर्षातील बराच काळ अर्धे पाण्यात असते. मग नागपूरकर भोसल्यांचा घाट. माहेरच्या या घाटाविषयी बोलताना माझा आवाज थोडा चढतो, असे पुतण्या म्हणतो, आणि ते खरे आहे. सर्वच घाटांची माहिती द्यायची नाही, दोन घाटांच्या मधे शांतता राहू द्यायची, ही शिस्त आम्ही पाळतो.

नमो घाटाच्या वर रस्त्यावर रिक्षा थांबलेल्या असतात. घाटावरून वर येणारा चढ पाहुण्यांनी पायी किंवा गरज असल्यास ई-रिक्षाने चढायचा आणि सपाट रस्त्यावर सायकल रिक्षात बसायचे, एका रिक्षात दोनच माणसे, सामान नाही. माणसाने माणसाला ओढून न्यावे का, असा प्रश्न काही पाहुणे विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. माझे उत्तर असे आहे की रिक्षा नाकारल्याने त्या माणसाचे कष्ट कमी होत नाहीत, त्याची कमाई कमी होते. ई-रिक्षा आल्यापासून सायकल रिक्षाला सवारी मिळणे कठीण झाले आहे, आणि जे चालक अजून या कामात आहेत त्यांपैकी अनेकांचे वय असे आहे की दुसरे काम त्यांना कोणी देत नाही. कष्टाचा मोबदला पुरेसा असावा, चढ टाळावा, ओझे मर्यादित असावे आणि विसाव्याचे पैसे मिळावेत, एवढे आपल्या हातात आहे. तरीही ज्यांचे मन तयार होत नाही त्यांच्यासाठी ई-रिक्षा ठेवली जाते आणि त्याबद्दल एक शब्दही बोलला जात नाही.

रिक्षाचा मार्ग मच्छोदरीवरून विश्वेश्वरगंजच्या धान्य-मसाल्याच्या बाजारातून काळभैरवाकडे जातो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबते, दर्शन सावकाश होते, आणि मग मैदागिनच्या आसपास न्याहारी होते. कचोरी, भाजी आणि जिलबी हा बनारसचा सकाळचा नेम. थंडीत त्याच्या जोडीला मातीच्या कुल्हडात केशर घातलेल्या दुधाचा फेस, म्हणजे मलइयो, मिळतो. तो उन्हे वर आली की बसतो, म्हणून थंडीत आम्ही न्याहारी दर्शनाच्या आधी घेतो.

मैदागिनपासून पुढचा भाग मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे, कारण मार्गदर्शक पुस्तके तो सहसा वगळतात. इथे पराडकर स्मृती भवन आहे. बाबूराव विष्णू पराडकर हे काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ, हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ आणि १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘आज’ या दैनिकाचे संपादक. ते दैनिक काढणारे शिवप्रसाद गुप्त यांनीच पुढे काशी विद्यापीठाच्या आवारात भारतमातेचे मंदिर बांधले, ज्यात मूर्तीच्या जागी संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे आणि ज्याचे उद्घाटन १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. या नकाशाची कल्पना गुप्तजींना पुण्यात, धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमात जमिनीवर केलेला नकाशा पाहून सुचली होती. रिक्षा कबीरचौरा, लहुराबीर या मार्गाने त्या मंदिरापाशी पोहोचते. पुण्याहून आलेली माणसे आपल्या गावातली एक कल्पना इतक्या दूर संगमरवरात उतरलेली पाहून बराच वेळ कठड्याशी उभी राहतात. इथे घड्याळ पाहायचे नाही, असे मी पुतण्याला बजावून ठेवले आहे.

वर्षाचे सर्व महिने सारखे नसतात. पावसाळ्यात पाणी वाढले की प्रशासन नावा बंद करते. काशीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरली जाते आणि १९७८ च्या पुरात ती ७३.९०१ मीटरपर्यंत गेली होती. पाणी धोक्याच्या पातळीच्या बरेच खाली असले तरी घाटांचा एकमेकांशी संपर्क तुटतो आणि आरती वर सरकते. त्या काळात आम्ही नावेचे आरक्षण घेतच नाही, ‘पाहू, जमेल’ असे उत्तरही देत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुके असेल तर ते विरळ होईपर्यंत नाव सुटत नाही. कार्तिक पौर्णिमेच्या देवदिवाळीला नावांचे दर गगनाला भिडतात आणि नदीत नावेला नाव लागते. त्या दिवशी आम्ही कार्यक्रम ठेवत नाही. महापालिकेचा परवाना, त्यावर लिहिलेली माणसांची मर्यादा आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, याबाबत वर्षातील कुठल्याच दिवशी सवलत नसते.

२०२० च्या टाळेबंदीत घाट रिकामे झाले आणि आमचे काम पूर्ण थांबले. त्या काळात ज्या पाहुण्यांनी आधी पैसे भरले होते त्यांतील कित्येकांनी ते परत घेण्याऐवजी नावाडी आणि रिक्षाचालकांना द्यायला सांगितले, आणि ते आम्ही घरोघरी पोहोचवले. त्या मदतीतूनच पुढे एक प्रथा तयार झाली. दर आरक्षणातील ठरावीक रक्कम वेगळी ठेवली जाते आणि पावसाळ्यात तीच बिनव्याजी उचल म्हणून दिली जाते. हंगाम सुरू झाला की ती थोडीथोडी वळती होते. दिवसाच्या भाड्याने दुसऱ्याची रिक्षा चालवणाऱ्या काही चालकांनी याच उचलीतून स्वतःची रिक्षा घेतली.

सध्या आमचे लक्ष रिक्षेच्या बांधणीकडे आहे. नेहमीच्या रिक्षेचा पावठा उंच असतो, बैठक पुढे उतरती असते आणि धरायला आधार नसतो, त्यामुळे वयस्कर बायकांना साडी सावरत चढणे अवघड जाते. शहरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडून आम्ही पावठा खाली घेतलेली, पाठीला सरळ टेकण आणि दोन्ही बाजूंना दांडी असलेली एक रिक्षा बनवून घेतली. चालकाचे म्हणणे असे की पावठा खाली आल्याने वळणावर तोल चांगला राहतो, परंतु पुढचे चाक जड वाटते. त्यानुसार मिस्त्री दुसऱ्या रिक्षेच्या, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यात बदल करत आहेत आणि दिवाळीनंतरच्या हंगामाआधी ती रस्त्यावर आणण्याचा आमचा प्रयत्न आहे.