आमची वाटचाल: वही वाचण्यापासून सुरू होणारी गणिताची शिकवणी

आमच्या शिकवणीवर्गाची सुरुवात एकेका विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे शिकवण्यापासून झाली. माध्यमिक शाळेतील मुले, विषय फक्त गणित आणि शिकवणारी मी एकटी, एवढाच तेव्हाचा पसारा होता. आज आमच्याकडे शिक्षकांचा लहानसा गट आहे, ठरलेल्या वेळांच्या तुकड्या आहेत आणि पालकांशी बोलण्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवलेला आहे. गणिताची शिकवणी निवडताना नेमके काय पाहावे, हा प्रश्न पालक आम्हाला पहिल्यापासून विचारत आले आहेत आणि त्याचे प्रामाणिक उत्तर शोधता शोधताच संस्थेला आजचा आकार आला आहे.

चौकशीला येणारे पालक सहसा विचारतात की पैकीच्या पैकी गुण किती जणांना मिळाले, आठवड्यातून किती तास शिकवता, अभ्यासक्रम परीक्षेच्या किती आधी पुरा होतो आणि सराव प्रश्नपत्रिका किती सोडवून घेता. हे प्रश्न रास्त आहेत. मात्र आपल्या मुलाचे तिथे काय होईल, हे त्यांच्या उत्तरांतून कळत नाही. निकालाच्या यादीवर नजर टाकून आधीपासूनच चांगली असलेली मुले किती आणि शिकवणीमुळे पुढे आलेली किती, हे सांगता येत नाही. तासांचेही तसेच आहे. शाळेत न कळलेला भाग त्याच पद्धतीने आणि त्याच वेगाने पुन्हा एकदा सांगितला, तर तास दुप्पट होतात आणि न कळलेले तसेच राहते. म्हणून मी पालकांना सुचवू लागले की शिकवणीत पहिल्या आठवड्यात काय होते, ते आधी विचारा. मुलाची गाडी नेमकी कुठे अडली आहे हे कोण शोधते, कसे शोधते आणि सापडल्यावर त्याचे पुढे काय करते, याचे स्पष्ट उत्तर जिथे मिळेल तिथे बाकीच्या गोष्टी विचारात घ्याव्यात.

हे इतरांना सांगायचे तर आपल्याकडेही तशी व्यवस्था हवी, म्हणून आम्ही पहिल्या भेटीची पद्धत ठरवली. प्रवेश परीक्षा घेऊन गुणांवरून तुकडी ठरवणे सोपे होते, पण गुणांवरून चुकीचे कारण कळत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत मुलाने शाळेची वही आणायची, काही उदाहरणे आमच्यासमोर सोडवायची आणि सोडवताना मनात काय चालले आहे ते बोलून दाखवायचे, असा प्रघात पडला. आठवीतल्या एका मुलीने ३क्ष = १२ हे समीकरण घेतले आणि क्ष = −४ असे उत्तर लिहिले. कसे काढलेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "३ पलीकडे गेला म्हणून चिन्ह बदललं, मग १२ ला −३ ने भागलं." तिला आम्ही ताळा करायला सांगितला. −४ ला ३ ने गुणल्यावर −१२ आले आणि आपले उत्तर बसत नाही, हे तिचे तिलाच दिसले. बाजू बदलली की चिन्ह बदलते, हा नियम क्ष + ३ = १२ अशा समीकरणात तिच्या उपयोगी पडत होता. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया केली की समानता टिकते, बेरीज असेल तर वजाबाकी करायची आणि गुणाकार असेल तर भागाकार, हे त्या नियमामागचे कारण मात्र तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते. उत्तरपत्रिकेत अशा उत्तरावर फुली येते आणि शेजारी अचूक उत्तर लिहिले जाते. चूक कोणत्या समजुतीतून झाली, ते तिथे कुणी लिहीत नाही. तिला अशी आणखी पन्नास समीकरणे दिली असती, तर तीच समजूत पक्की झाली असती.

अशा भेटी वाढत गेल्या तसे एक गोष्ट वारंवार दिसू लागली. नववी-दहावीच्या मुलांची अडचण बीजगणितात दिसत असली, तरी तिचे मूळ बऱ्याचदा अपूर्णांकांत असते. १/अ + १/ब ही बेरीज २/(अ + ब) अशी करणारी मुले आम्हाला दरवर्षी भेटतात. त्यांना अ ऐवजी २ आणि ब ऐवजी ३ घ्यायला सांगितले की २/५ हे उत्तर येते. बेरजेतली पहिली संख्याच १/२ आहे, मग बेरीज तिच्याहून लहान कशी, असा प्रश्न पडला की मूल थबकते, आणि ५/६ पर्यंतचा पुढचा रस्ता ते पुष्कळदा स्वतःच शोधते. या निरीक्षणाला संशोधनाचाही आधार आहे. रॉबर्ट सीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधील मुलांच्या दीर्घकालीन नोंदी तपासून २०१२ मध्ये दाखवले की प्राथमिक शाळेच्या अखेरीस अपूर्णांक आणि भागाकार यांची समज किती आहे, यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या गणितातील प्रगतीचा अंदाज बांधता येतो, आणि बुद्ध्यंक, कुटुंबाचे उत्पन्न, पालकांचे शिक्षण हे सगळे हिशेबात घेतल्यावरही तो संबंध टिकून राहतो.

तरीही मुलगा नववीत असताना त्याला सहावीचे अपूर्णांक का देता, असे पालक विचारतात आणि त्यांची काळजी मला समजते, कारण परीक्षा नववीची असते. आम्ही मागचा भाग वेगळा काढून महिनोन्‌महिने शिकवत नाही. समरूप त्रिकोण चालू असतील तेव्हा गुणोत्तरे, रेषेचा चढ चालू असेल तेव्हा ऋण संख्यांची वजाबाकी आणि भागाकार, अशी मागची गरज चालू प्रकरणाच्या पोटातच भागवतो. शिकवणी निवडताना पालकांनी हे जरूर विचारावे की मागची उणीव आढळली तर तुम्ही ती कधी आणि कशी भरून काढता. प्रकरण संपवण्याच्या घाईत ती राहून जात असेल, तर वर्षाच्या शेवटी अभ्यासक्रम पुरा झालेला असतो आणि मूल मात्र होते तिथेच असते.

शिक्षक निवडताना आमचा कस लागला. गणिताची पदवी आणि हातखंडा असलेले अनेक जण मुलाखतीला आले, पण स्वतः झरझर उदाहरण सोडवणे हे एक कौशल्य आहे आणि दुसऱ्याचा अडकलेला विचार ओळखणे हे वेगळे. म्हणून आम्ही उमेदवारासमोर चुकीची सोडवलेली वही ठेवतो आणि या मुलाने काय विचार केला असेल, असे विचारतो. काही जण लगेच अचूक रीत लिहू लागतात. काही जण मात्र वही जवळ ओढतात, मागचे पान उलटतात, याने आधीच्या उदाहरणातही असेच केले आहे का ते पाहतात. असे शिक्षक आम्हाला हवे असतात. वह्या तपासण्याचा वेळ हा शिकवण्याचाच भाग आहे, असे मानून त्या वेळाचाही मोबदला देण्याचे आम्ही ठरवले. लहान संस्थेला हा खर्च जड जातो, पण तो टाळला तर तपासणी म्हणजे नुसती सही उरते. शिकवणी पाहायला गेलेल्या पालकांनी तिथल्या एखाद्या मुलाची वही पाहायला मागावी. समासात शिक्षकाचे प्रश्न आणि त्यांना मुलाने दिलेली उत्तरे दिसली, तर तिथे काम होत आहे असे समजायला हरकत नाही.

एकेकट्याची शिकवणी चांगली की तुकडीतली, हा प्रश्न आम्हालाही बराच काळ पडलेला होता. बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ मध्ये मांडले होते की स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. हा आकडा फार गाजला. पुढच्या अभ्यासांत मात्र परिणाम बराच कमी दिसला. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा माणसाने दिलेल्या स्वतंत्र शिकवणीचा परिणाम ब्लूम यांनी मांडलेल्या परिणामाच्या निम्म्याहूनही कमी निघाला. कमी म्हटला तरी तो शिक्षणाच्या क्षेत्रात मोठाच मानला जातो. शिवाय ब्लूम यांच्या प्रयोगांत नियमित चाचण्या होत्या आणि चुकलेले सुधारल्याशिवाय पुढे न जाण्याची शिस्तही होती, म्हणजे फायदा केवळ एकास एक शिक्षक असल्याचा नव्हता. हे लक्षात घेऊन आम्ही तुकड्या लहान ठेवल्या आणि प्रत्येक मुलाला आठवड्यातून थोडा वेळ स्वतंत्र दिला. तुकडीत मूल दुसऱ्याची रीत ऐकते, स्वतःची समजावून सांगते आणि त्यात त्याचे गणित घट्ट होते. ज्याची बरीच वर्षे मागे राहिली आहेत किंवा जो चारचौघांत तोंडच उघडत नाही, त्याला सुरुवातीला एकेकटे शिकवणे बरे. गणिताची धास्ती घेतलेल्या मुलाची लक्षात धरून ठेवण्याची ताकद त्या धास्तीतच खर्च होते आणि हातच्याची साधी बेरीजही चुकते, त्यामुळे अशा मुलासमोर घड्याळ लावून चाचणी घेणे आम्ही पहिले काही महिने टाळतो.

सरावाच्या बाबतीत आम्हाला सर्वांत जास्त समजावून सांगावे लागले. एका प्रकारची वीस उदाहरणे एकापाठोपाठ सोडवली की मूल भराभर बरोबर उत्तरे देते, पालकांना समाधान वाटते आणि मुलालाही. परीक्षेत मात्र कोणती रीत वापरायची हे आधी ओळखावे लागते आणि नेमकी तीच सवय झालेली नसते. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले होते. एकेका प्रकाराचा सलग सराव करणाऱ्यांची सरावातील उत्तरे ८९ टक्के बरोबर होती, तर मिसळलेला सराव करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पहिल्या गटाला २० टक्के आणि दुसऱ्याला ६३ टक्के गुण मिळाले. आम्ही मिसळलेला सराव सुरू केला तेव्हा साप्ताहिक गुण खाली आले आणि काही पालकांनी मुलांना काढून दुसरीकडे घातले. तो काळ संस्थेसाठी कठीण होता, पण सोपे कागद देऊन गुण फुगवणे आम्हाला मान्य नव्हते. भूमितीतही तेच धोरण ठेवले आहे: प्रमेय शिकवून झाले की आकृती फिरवून आणि शिरोबिंदूंची अक्षरे बदलून देतो. पक्ष आणि साध्य नीट ओळखून ज्याला सिद्धता पुन्हा उभी करता येते त्याला प्रमेय कळले, आणि ज्याने ती तोंडपाठ केली आहे तो पहिल्या ओळीलाच अडखळतो.

२०२० मध्ये वर्ग बंद झाले आणि आम्हीही पडद्यावरून शिकवू लागलो. त्यातली एकच गोष्ट इथे सांगण्याजोगी वाटते. कॅमेरा मुलाच्या चेहऱ्याऐवजी वहीवर रोखायला लावला, तेव्हा शिकवणी पुन्हा रुळावर आली. आजही ऑनलाइन शिकवणीविषयी पालक विचारतात तेव्हा मी सांगते की मूल लिहीत असताना त्याचा हात शिक्षकाला दिसतो का, एवढे पाहा.

व्यवहाराच्या बाजूने दोन निर्णय आम्हाला महत्त्वाचे वाटतात. पहिला म्हणजे शुल्क महिन्याचे महिन्याला घ्यायचे. वर्षाची रक्कम आगाऊ घेतली की संस्थेला स्थैर्य येते खरे, पण उपयोग होत नाही हे दिसत असतानाही पालक पैसे गेले म्हणून मुलाला तिथेच ठेवतात, आणि मुलाचे वर्ष परत येत नाही. दुसरा निर्णय जाहिरातीत मुलांची छायाचित्रे आणि गुण न छापण्याचा. ते गुण मुलाच्या, त्याच्या शाळेतल्या शिक्षकांच्या आणि घरच्यांच्या कष्टांचे असतात. त्यांतला आमचा वाटा किती, हे आम्हाला मोजून दाखवता येत नाही. शाखा काढण्याचे प्रस्तावही आले. प्रत्येक शिक्षकाने तपासलेल्या वह्या आम्ही एकत्र बसून वाचतो आणि ही बैठक जितक्या लोकांत नीट होऊ शकते तितकीच संस्था ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे.

चौकशीला आलेल्या प्रत्येकाला आम्ही प्रवेश देत नाही. काही मुलांना शिकवणीची गरजच नसते. शाळेत प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि घरी रोज थोडा वेळ शांतपणे बसण्याची सोय झाली तरी त्यांचे भागते, आणि हे आम्ही पालकांना पहिल्या भेटीतच सांगतो. जी मुले येतात त्यांची शिकवणी कधी थांबवायची, याचाही विचार आम्ही सुरुवातीलाच करून ठेवतो. मूल न सांगता ताळा पाहू लागले, अडले तर कुठे अडले ते शब्दांत मांडू लागले आणि न पाहिलेल्या उदाहरणाला स्वतःहून हात घालू लागले, की आम्ही तासांची संख्या निम्म्यावर आणतो. पुढचे काही आठवडे ते फक्त शंका घेऊन येते, आणि आणण्यासारखी शंका उरली नाही की पालकांशी बोलून त्याचे नाव तुकडीतून कमी करतो.