लोवेलचा 'मी' अन् तुकोबांचा 'मी'

सध्या अमेरिकन कवी रॉबर्ट लोवेलचं 'लाइफ स्टडीज' हे कवितांचं पुस्तक वाचून राहिलो, रातच्या ओलिताला वावरात गेलो की मोबाईलवर. १९५९ चं पुस्तक. आईबाप, घरातली भांडणं, स्वतःचं मनोरुग्णालयात भरती होणं, सगळं यानं कवितेत आणलं. त्याच वर्षी रोझेन्थल नावाच्या समीक्षकानं याला कबुलीची कविता म्हटलं, मग सिल्विया प्लाथ, ॲन सेक्स्टन या कवयित्रीही त्याच नावाखाली गेल्या, दोघी बोस्टनला लोवेलच्या वर्गात बसायच्या.

हे सगळं एकदम नवीन होतं असं लिहितात, ते काही मला पटत नाही.

यातली 'स्कंक अवर' ही कविता घ्या. अंधाऱ्या रात्री हा माणूस गाडी घेऊन टेकडीवर जातो, माझं डोकं ठिकाणावर नाही म्हणतो, अन् पुढं म्हणतो की मीच नरक आहे, इथं कोणीच नाही. आता 'मीच नरक' हे तर इंग्रज कवी मिल्टनच्या सैतानाचं बोलणं, १६६७ चं 'पॅराडाइज लॉस्ट' हे महाकाव्य, अन् ती अंधारी रात्र सोळाव्या शतकातल्या स्पेनच्या संतकवी जॉनच्या कवितेतली. त्याच्याही लय आधी, इ.स. ४०० च्या आसपास, ऑगस्टिन हा ख्रिस्ती संत सोळाव्या वर्षी केलेली फळांची चोरी देवाला सांगत बसला होता.

अन् आपले तुकोबा? 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. आमच्या गावात सप्ताहात गाथा वाचतात, ही ओळ आली की वाती वळणाऱ्या बायकांचे हात थांबतात, कोणी काही बोलत नाही. पोटाची भूक, गेलेली अब्रू, मेलेली बायको, लोवेलनं यापेक्षा जास्त काय उघडं केलं सांगा.

फरक आहे तो ऐकणाऱ्याचा. ऑगस्टिन देवाशी बोलतो, तुकोबा संतांना सांगतात अन् विठ्ठलाशी हक्कानं भांडतात, समोर कोणीतरी आहे याची दोघायले खात्री. लोवेलच्या टेकडीवर कोणीच नाही, म्हणून त्याची कविता थेट आपल्या अंगावर येते, ऐकायला आपणच उरतो. मला वाटते नवीन काही असेल तर एवढंच, पण ते लय मोठं आहे.

अन् हो, कबुली म्हणजे सगळं जसंच्या तसं घडलेलं असंही समजू नका, लोवेलनं स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं होतं की त्यानं खऱ्या गोष्टींत बरेच फेरफार केले.