ब्रेक ब्लॉक मोजायला मिळावा म्हणून

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक आहे. गाव रेल्वेचं, त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरचं कुणीतरी यार्डात नाहीतर शेडमध्ये कामाला. एम्प्लॉयबिलिटी स्किल्समध्ये उद्योजकतेचा भाग असतो. तो पुस्तकातली मेणबत्ती-पापडांची उदाहरणं देऊन शिकवणं मी बंद केलं आणि मुलांना म्हटलं, घरी विचारून या, कामावर रोज काय नडतं?

एकाच्या वडिलांनी सांगितलं, रात्री मालगाडी तपासताना वॅगनच्या ब्रेक ब्लॉकची, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकावर दाबल्या जाणाऱ्या ठोकळ्याची, झीज वाकून, टॉर्च मारून पाहावी लागते. गो/नो-गो गेज, म्हणजे माप हद्दीत आहे की नाही एवढंच सांगणारं साधन, तर आमच्या अभ्यासक्रमातच आहे. लांब दांड्याचं, उभ्या उभ्या लावता येईल असं गेज करायचं ठरलं. ड्रॉइंग झालं, पत्र्याचा नमुनाही झाला.

मग अडलं ते खऱ्या ब्लॉकपाशी. नवा आणि झिजलेला, दोन्ही हातात घेऊन मोजल्याशिवाय गेजला अर्थ नाही. रुळांच्या कडेला तुकडे पडलेले दिसतात, पण ते उचलून आणले तर १९६६ चा रेल्वे मालमत्ता बेकायदा ताब्याबद्दलचा कायदा लागतो. परवानगीविना यार्डात शिरलं तर रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम १४७ आहेच. तुम्हीही वर्गात असं काही करून घेणार असाल तर हे दोन्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा, कारण उत्साहाच्या भरात पोरं पिशवीत घालून आणतात. भंगार विकत घ्यावं तर त्याचा ऑनलाइन लिलाव होतो, तोही लॉटने. एक नग कोण देणार?

म्हणून रेल्वेच्या कार्यालयात प्राचार्यांच्या सहीचं पत्र दिलं: शिकवण्यासाठी एक झिजलेला ब्लॉक मिळावा. आवक क्रमांक मिळाला आणि पत्र तिथेच बसलं. चौकशीला गेलो की साहेब दौऱ्यावर. पुढच्या वेळी कळलं, हा विषय भांडार विभागाचा. भांडारवाले म्हणाले, ज्यांच्या ताब्यात माल आहे त्यांनी आधी लिहून द्यावं. परत पहिल्या टेबलावर आलो तर तिथला माणूस बदललेला, त्याने पत्राची प्रत नव्याने मागितली. मुलांची परीक्षा जवळ येत होती. रोज सकाळी दारातच विचारायची, "सर, काही झालं का?" राग याचा येतो की कुणीही सरळ नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर आम्ही दुसरा रस्ता धरला असता. जून २०२२ मध्ये रेल्वेनेच स्टार्टअपसाठी धोरण आणलं: दीड कोटीपर्यंत अनुदान, खर्च निम्मा-निम्मा, बौद्धिक हक्क शोध लावणाऱ्याकडेच. धोरण चांगलंच आहे. पण तिथवर पोचणारा मुलगा आधी कुठेतरी ब्लॉक हातात घेऊनच शिकणार ना?

शेवटी एका सीनियर सेक्शन इंजिनियरने पत्र वाचून एकच विचारलं, "तुम्हाला वस्तू पाहिजे की माप?"

"माप," मी म्हणालो.

"मग वस्तू बाहेर न्यायचा विषयच काढून टाका. सिकलाइनवर, म्हणजे नादुरुस्त वॅगन दुरुस्त होतात तिथे, आमच्या माणसाच्या देखरेखीखाली मोजमाप, असं लिहा."

तसं लिहिलं आणि त्याच आठवड्यात परवानगी हातात आली. मुलांनी व्हर्नियर कॅलिपरने एकेक माप घेतलं आणि तपासणाऱ्या काकांनी गेज स्वतः लावून पाहिलं. दांडा थोडा आखूड करा, म्हणाले. ज्या मुलाच्या घरून प्रश्न आला होता, त्यानेच तो कापला. मला त्या पोरांचा फार अभिमान वाटला.

पत्रासोबत मुलांची नावं, ओळखपत्रं आणि सेफ्टी शूज-हेल्मेट आहेत असा उल्लेख जोडा. फोटो काढायचे असतील तर तेही पत्रातच मागा, ऐनवेळी गेटवर वाद नको. आणखी एक, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज करा. मुलांच्या स्वतःच्या नावाने ऑनलाइन भरला तर फी १६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. आधी जाहीर दाखवलं की नावीन्याचा दावा अडचणीत येतो.

पुढच्या बॅचचं पत्र मी प्रवेश संपताच देणार आहे, आणि त्यात पहिल्याच ओळीत 'मोजमाप' हा शब्द असेल.