कोयत्याचा ट्रेडमार्क आणि वस्तऱ्याची हरकत : माझा अनुभव

सोलापुरात आमची खुरपी, विळे, कोयते आणि अडकित्ते वडिलांनी ठरवलेल्या नावाने विकले जातात. तेच नाव ठोकलेला हलका माल बाजारात दिसायला लागला, तेव्हा ट्रेडमार्क घ्यायचाच असं ठरवलं.

अर्ज सोपा आहे. ट्रेडमार्क कार्यालयाच्या पोर्टलवर टीएम-ए फॉर्म ऑनलाइन भरायचा, मालाच्या प्रकाराप्रमाणे ठरवलेल्या गटांतून (क्लास) हातअवजारं आणि सुऱ्या-चमच्यांसाठी क्लास ८ निवडायचा. लघुउद्योग म्हणून नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र जोडलं की फी ९,००० ऐवजी ४,५०० रुपये.

खरा ताप पुढे झाला. पोर्टलवर 'ऑब्जेक्टेड', म्हणजे अर्जावर हरकत आहे, असं दिसलं. कार्यालयाच्या तपासणी अहवालात ट्रेडमार्क कायद्याचं कलम ११ लावलेलं, कारण आमच्याशी मिळतंजुळतं नाव क्लास ८ मध्ये आधीच नोंदलेलं होतं. कशासाठी? तर दाढीच्या वस्तऱ्यासाठी! ऊसतोडीचा कोयता घ्यायला आलेला माणूस वस्तऱ्याच्या पाकिटाला कसा फसेल? पण दोन्ही एकाच क्लासमध्ये येतात, म्हणून हरकत. त्यात ज्या सल्लागाराकडे गेलो तो म्हणाला, "नाव बदला, नवा अर्ज टाका, सोपं पडेल." त्याचं सोपं होईल, आमचं इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक नवं नाव कुठे शोधणार? आजही आठवलं की संताप येतो.

नाव बदललं नाही. अहवाल मिळाल्यापासून महिन्याच्या आत उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. उत्तरात मांडलं की माल वेगळा, दुकान वेगळं, गिऱ्हाईक वेगळं, आणि कलम १२ प्रमाणे आमचा वापर प्रामाणिक आणि जुना आहे. नुसतं म्हणून भागत नाही. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या दुकानदारांना दिलेली, वर नाव छापलेली जुनी बिलं माळ्यावरून काढली. जुन्या वापराचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच दिलं होतं, त्याला या बिलांनी बळ आलं. म्हणून सांगतो, बिलबुकं रद्दीत घालू नका.

मग नुसती वाट पाहणं. ईमेल रोज बघा, सुनावणीची नोटीस तिथेच येते. सुनावणी व्हिडिओवर झाली, सगळा भर वापर कधीपासून यावर होता. बिलं दाखवली, अर्ज मंजूर झाला. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये अर्ज छापून आल्यावर ४ महिने कुणी विरोध केला नाही आणि प्रमाणपत्र हातात आलं. वडिलांचं नाव टिकलं याचा मला अभिमान आहे.

हो, अर्जाआधी पोर्टलवर नावाचा शोध घ्या, आणि वस्तरे, कात्र्या, चमचे सगळं बघा. यंत्रावर चालणारी अवजारं असतील तर क्लास ७. अर्ज केल्यावर मालावर टीएम लिहिता येतं, पण गोलातला आर (®, नोंदणी झाल्याची खूण) नोंदणीआधी ठोकला तर तो गुन्हा ठरतो. नोंदणी १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण.