ख्याल तासभर चालतो, मग वीस मिनिटांचा जॅम का नाही?

साठच्या दशकातल्या सायकेडेलिक रॉकचं वेड मी लपवत नाही आणि ख्यालाचंही लपवत नाही, त्यामुळे हा प्रश्न ठरलेला आहे. 'विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीच्या एकतालात तासभर मांडी घालून बसता, मग रॉकवाल्यांच्या अठरा-वीस मिनिटांच्या जॅमला, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं लांबवत नेलेल्या वादनाला, लगेच कसे कंटाळता?' त्यात एक टोमणाही असतो. परदेशी पोरांनी लांबवलं की कंटाळा, आपल्या बुवांनी लांबवलं की साधना! टोमण्यात थोडं तथ्य आहे. मैफिलीत द्रुत, म्हणजे जलद लयीचा भाग सुरू होऊन वीस मिनिटं झाली तरी तानांच्या भेंडोळ्या सोडत राहणारे गायक मीही सोसलेत, आणि घड्याळाकडे बघितलं आहे. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण ख्यालाची आरती ओवाळणार नाही.

माझं खरं दुखणं एकाच रेकॉर्डपासून सुरू होतं. लॉस एंजेलिसचा 'लव्ह' हा बँड, 1966 च्या शेवटी आलेला त्यांचा दुसरा अल्बम 'दा कापो'. पहिल्या बाजूला सहा गाणी. 'ऑरेंज स्काइज'वर तरंगणारी बासरी, 'शी कम्स इन कलर्स'मधला हार्पसिकॉर्ड (पियानोचा जुना, तारा छेडणारा भाऊबंद), आणि 'सेव्हन अँड सेव्हन इज' तर सव्वादोन मिनिटांत धडधडत जाऊन शेवटी अक्षरशः स्फोटाच्या आवाजात संपतं. बँडचा गायक आणि म्होरक्या आर्थर ली, या माणसाच्या डोक्यात चाली कुठून येत होत्या कोण जाणे. त्या काळच्या अमेरिकेत एका बाजूवर इतकं दाट काम फार थोड्यांनी केलं असेल.

मग तुम्ही रेकॉर्ड उलटता. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट आहे: 'रेव्हलेशन', जवळजवळ 19 मिनिटं. पहिल्या बाजूची सहाच्या सहा गाणी मिळून साधारण 17 मिनिटांची होतात, म्हणजे हा एकटा त्या सगळ्यांपेक्षा लांब. सुरुवात हार्पसिकॉर्डवरच्या बाखच्या धाटणीच्या तुकड्याने होते, कान टवकारतात. आणि लगेच बँड एका साध्या ब्लूज रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या तुकड्यावर येतो आणि तिथेच ठाण मांडतो. गिटार, हार्मोनिका, आर्थर लीच्या आरोळ्या, सॅक्सोफोन, शेवटाकडे ड्रम्स. एखाद्या सत्कार समारंभात मंचावरच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला 'दोन शब्द' बोलायला द्यावे लागतात, तसं सगळं. कोणीच वाईट बोलत नाही. पण आधीच्या माणसाने काय सांगितलं याच्याशी पुढच्याला देणंघेणं नाही.

हा जॅम स्टुडिओत जन्मलेला नव्हता. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांमध्ये लव्ह तो वाजवायचे, तेव्हा त्याला ब्लूज गायकाच्या नावाने 'जॉन ली हूकर' म्हणत. क्लबात तो जमत असणार, याबद्दल मला शंका नाही. लोक नाचताहेत, घाम, धूर, बँडला समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून कळतंय कुठे चढवायचं आणि कुठे थांबायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर आणि अ‍ॅव्हलॉन या सभागृहांमध्ये तर भिंतींवर रंगीत तेलाचे प्रकाशखेळ चालायचे आणि निम्म्या श्रोत्यांच्या पोटात आणखी काय काय असायचं. तिथे लांबी ही संगीताची गरज कमी आणि खोलीची गरज जास्त होती. स्टुडिओत आणताना खोली बाहेर राहिली आणि लांबी तेवढी आत आली.

आता ख्यालाकडे. पुष्कळजण म्हणतात की रॉकवाले पाच सुरांतच फिरत राहतात म्हणून कंटाळा येतो. हे मला पटत नाही. ब्लूजमधली नेहमीची मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. आपल्याकडे हे धानी रागाचे सूर. मालकंस रागातही पाचच आहेत आणि त्यावर रात्र काढणारे लोक आहेत. फरक सुरांच्या संख्येत नाही. विलंबितात प्रत्येक आवर्तनाला, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेऱ्याला, मुखडा (बंदिशीचे सुरुवातीचे शब्द) पकडून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं असतं. गवई कुठे भटकला आहे आणि किती मात्रा उरल्या आहेत याचा हिशेब ऐकणाऱ्याच्याही पोटात चाललेला असतो. त्यातून बढत, म्हणजे रागाचा पायरीपायरीने विस्तार: मध्य षड्जाभोवती, मग गंधारापर्यंत, मग पंचमाला हात लावायचा नाही असं ठरवून दहा मिनिटं. तार षड्ज येतो तेव्हा तो मिळवलेला असतो. 'रेव्हलेशन'मध्ये तिसऱ्या मिनिटाला जे सूर हाताशी आहेत तेच पंधराव्याला आहेत. मधली दहा मिनिटं कापून जोड दिला तर ऐकणाऱ्याला पत्ता लागणार नाही. माझी कसोटी एवढीच. चांगल्या बड्या ख्यालातून दहा मिनिटं कापून बघा.

आणि लांबी हा गुण मुळातच नाही, हे तर आपल्याला तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीने शिकवलं आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' तीनेक मिनिटांत संपते. तिच्यात काही राहून गेलं असं मिरजेत कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

गंमत अशी की त्या मुलांना लांबीची हिंमत काही अंशी आपल्याच संगीताने दिली. पॉल बटरफिल्ड ब्लूज बँडचं 1966 चं 'ईस्ट-वेस्ट' 13 मिनिटांचं आहे, आणि गिटारवाला माइक ब्लूमफील्ड उघड उघड रागसंगीताच्या नादात होता. पुढे जून 1967 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या महोत्सवात सतारीवर रविशंकर आणि तबल्यावर अल्लारखाँ यांनी एक अख्खी दुपार काढली आणि सतारीवरचा शेवटचा वेगवान झाला संपल्यावर लोक उभे राहिले. त्यातून शिकणाऱ्यांनी काय उचललं? खर्जाचा धरून ठेवलेला सूर, शेवटाकडचा वेग आणि घड्याळ. आवर्तन आणि सम उचलता येण्यासारखी नव्हतीच, ती आठवड्याभरात येत नाहीत. 'ईस्ट-वेस्ट' मात्र आजही उभं आहे, कारण त्यात टप्पे आहेत. एका टप्प्यातले सूर पुढच्यात बदलतात, आणि बदलताना कळतात.

बाकीच्यांचा निकाल पटकन लावतो. आयर्न बटरफ्लायच्या 1968 च्या 'इन-अ-गाडा-डा-व्हिडा'ला सगळे हसतात, मी थोडी बाजू घेतो. 17 मिनिटांपैकी ड्रम सोलो अर्ध्यावर आणला असता तर बरं झालं असतं, पण तो रिफ परत येतो तेव्हा जीव भांड्यात पडतो, म्हणजे तिथे सम आहे, भले ओबडधोबड असेल. सिंगल म्हणून कापलेली तीन मिनिटांची आवृत्ती उलट फिकी वाटते. क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिसचं 'हू डू यू लव्ह' 1969 मध्ये अल्बमची एक बाजू व्यापून बसलं. जॉन सिपोलिनाच्या गिटारची ती थरथर मला फार आवडते, पण मध्येच श्रोत्यांच्या टाळ्या आणि आरोळ्यांवर काही मिनिटं सोडून दिली आहेत, तिथे मी चहा टाकायला उठतो. जेफरसन एअरप्लेनचं 'स्पेअर चेंज' नऊ मिनिटांचं आहे. जॅक कॅसडीचा बास ऐकायचा, बाकीचं विसरायचं.

कॅन्ड हीटचं 'रीफ्राइड बूगी' 41 मिनिटांचं आहे, 1968 च्या 'लिव्हिंग द ब्लूज'वर. दोन बाजू. म्हणजे मध्येच उठून रेकॉर्ड उलटायची आणि परत त्याच बूगीत येऊन बसायचं! याच अल्बमवर 'गोइंग अप द कंट्री' आहे, तीन मिनिटांच्या आतलं, बासरीवरचं, निर्मळ. दोन्ही एकाच बँडने एकाच डब्यात घालून विकावीत हे मला अजून पचलेलं नाही.

आर्थर लीला मात्र उत्तर सापडलं असावं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1967 मध्ये 'फॉरेव्हर चेंजेस' आला आणि त्यावर एकही जॅम नाही. शेवटचं 'यू सेट द सीन' सात मिनिटांच्या जवळ जातं, पण ते गाणं मध्यावर वळतं, चाल बदलते, ब्रास चढत जातं. एक सेकंद काढायला जागा नाही. म्हणून 'दा कापो' ज्यांनी ऐकला नाही त्यांना मी सांगतो, पहिली बाजू ऐका आणि थेट 'फॉरेव्हर चेंजेस' लावा.

आणि लांबच ऐकायचं असेल तर ग्रेटफुल डेडचं 'डार्क स्टार', 'लाइव्ह/डेड' या अल्बमवरचं. 27 फेब्रुवारी 1969 ला फिलमोर वेस्टमध्ये वाजवलेलं, 23 मिनिटांचं. सिंगल म्हणून ते तीन मिनिटांच्या आत होतं आणि कुणी विचारलं नव्हतं. इथे गिटारवाला जेरी गार्सिया एक सुरांचं वाक्य सोडतो, फिल लेशचा बास त्याला भलतंच उत्तर देतो, आणि गार्सिया ते ऐकून रस्ता बदलतो. ड्रमवाले बराच वेळ जवळजवळ गप्प असतात. घाई कोणालाच नाही. मूळ धून हरवली असं वाटेपर्यंत ती परत डोकावते. हे मी सलग ऐकतो, कापून बघायची गरज वाटत नाही. त्याच अल्बमवर पुढे 'फीडबॅक' नावाचा सात-आठ मिनिटांचा तुकडा आहे. त्याबद्दल विचारू नका, तो मी आजवर पुरा ऐकलेला नाही.